1422 : एका आकड्याची उलटतपासणी



या वेळचा विषय वाचून काही जण म्हणतील, ह्याचं डोकं ठिकाणावर आहे ना? जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरसाठी घरी शिशाच्या गोळ्या ओतणाऱ्या लोकांचा एक फॉर्म्युला आज आपण तपासणार आहोत. पण शेवटपर्यंत वाचा. पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या प्रत्येकाला हा फॉर्म्युला कुठल्या ना कुठल्या वेषात भेटणार आहे. मला भेटला होता, आणि माझे चार महिने घेऊन गेला.

आधी मी या गल्लीत कसा शिरलो ते सांगतो. माझं काम शिसे-अँटिमनी मिश्रधातूंवर आहे, म्हणजे लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या आतली जाळी ज्या धातूची असते त्यावर. हा धातू ओतल्यानंतर काही दिवस आपोआप कडक होत जातो. त्याबद्दलची जुनी माहिती शोधताना लक्षात आलं की बॅटरीवाल्यांइतकीच या धातूची उठाठेव करणारी आणखी एक जमात जगात आहे, ती म्हणजे गोळ्या ओतणारे. अमेरिका, फ्रान्स, इंग्लंड इथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची लष्करी रिव्हॉल्व्हरं बाळगणारे हौशी लोक आहेत. त्यांची मूळ काडतुसं आता सहज मिळत नाहीत. म्हणून ते शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओततात आणि वापरलेली पितळी काडतुसं पुन्हा भरतात. याला रीलोडिंग म्हणतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायदा, 1959 खाली गुन्हा आहे, त्यामुळे हा लेख कृतीसाठी नाही, विचारासाठी आहे. दारू किती, कोणती, यातलं काहीही इथे मिळणार नाही.

या लोकांच्या वह्या पाहिल्या की आपल्याला लाज वाटावी. मिश्रधातूचं प्रमाण, ओतण्याचं तापमान, गोळीचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत, वजन, तारीख, सगळी नोंद असते. आपल्या लॅबमध्ये किती जणांची वही इतकी नीट आहे? पण याच शिस्तशीर लोकांमध्ये एक आकडा असा फिरतो की जो कोणी थांबून तपासत नाही. तो आकडा म्हणजे 1422.

फॉर्म्युला काय म्हणतो

रिचर्ड ली हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधले संशोधक-उद्योजक. रीलोडिंगची स्वस्त हत्यारं घराघरात पोचवण्याचं श्रेय त्यांच्याकडे जातं. 'मॉडर्न रीलोडिंग' या त्यांच्या पुस्तकात ओतीव गोळ्यांवर एक प्रकरण आहे. त्यातली मांडणी थोडक्यात अशी : गोळीच्या धातूचं ब्रिनेल काठिण्य मोजा. त्याला 1422 ने गुणा. आला तो धातूचा 'अल्टिमेट कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथ', म्हणजे दाबाखाली टिकण्याची कमाल ताकद, पीएसआयमध्ये. आता काडतुसातला वायूचा दाब याच्या 90 टक्क्यांच्या आत ठेवा. म्हणजे गोळी बिघडणार नाही आणि नेम नीट लागेल.

उदाहरण घेऊ. शुद्ध शिशाचं ब्रिनेल काठिण्य साधारण 5. गुणाकार केला की 7,110 पीएसआय. 'लायमन नंबर 2' नावाचा एक प्रसिद्ध मिश्रधातू आहे, 90 टक्के शिसं, 5 टक्के कथील, 5 टक्के अँटिमनी. त्याचं काठिण्य 15 धरतात. म्हणजे 21,330 पीएसआय. झालं. एक गुणाकार केला आणि कुठली गोळी किती दाबाला चालेल ते कळलं. किती सोपं!

मोठेपणा आधी मान्य करू. लींच्या आधी बरेच लोक नखाने ओरखडा काढून 'मऊ' की 'कडक' ते ठरवत. लींनी त्यासाठी एक स्वस्त साधन दिलं : स्प्रिंगने दाबला जाणारा छोटा पोलादी गोळा, ठरावीक भार, 30 सेकंद थांबणं आणि उमटलेला खड्डा मोजायला लहानसा मायक्रोस्कोप. ज्याच्याकडे विद्यापीठाची लॅब नाही त्याच्या हातात मोजमाप दिलं. हे काम छोटं नाही. माझी तक्रार मोजमापाबद्दल नाहीच. ती मोजमापानंतरच्या एका पायरीबद्दल आहे.

1422 आला कुठून?

मी हा आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, कुणीतरी शेकडो गोळ्या दाबून, आलेख काढून, त्याच्या उतारावरून हा स्थिरांक काढला असेल. म्हणून शोधायला लागलो. पाच मिनिटांत उत्तर मिळालं, आणि ते एखाद्या प्रयोगात नव्हतं. ते माझ्या बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात, एककांच्या तक्त्यात होतं.

ब्रिनेल काठिण्य म्हणजे काय? योहान ऑगस्ट ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने 1900 साली ही पद्धत मांडली. कडक गोळा धातूवर ठरावीक भाराने दाबायचा. भार भागिले खड्ड्याचं वक्र क्षेत्रफळ म्हणजे काठिण्य. भार किलोग्रॅम-बलात, क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये. आपण नुसतं '15' म्हणतो, पण खरं तर ते दर चौरस मिलिमीटरला 15 किलोग्रॅम-बल असतं. एकक बोलताना गळून पडलं, एवढंच.

आता दर चौरस मिलिमीटरला 1 किलोग्रॅम-बल म्हणजे किती पीएसआय? 1422.

म्हणजे 1422 हा धातूबद्दलचा कुठलाही शोध नाही. तो फक्त एककांचं रूपांतर आहे, रुपयाचे पैसे करावेत तसा. फॉर्म्युल्याने काठिण्य एका एककातून दुसऱ्या एककात नेलं आणि वाटेत त्याचं नाव बदललं. निघताना ते 'काठिण्य' होतं, पोचलं तेव्हा 'ताकद' झालं होतं.

यात बिघडलं काय? दोन्ही दाबच आहेत ना? इथेच माझी स्वतःची गोष्ट सांगायला हवी.

माझे चार महिने

दुसऱ्या वर्षीची आरएसी मीटिंग. मी माझ्या मिश्रधातूंचं व्हिकर्स काठिण्य मोजलं होतं. तेही किलोग्रॅम-बल प्रति चौरस मिलिमीटरमध्येच असतं. ते 9.81 ने गुणून मेगापास्कलमध्ये आणलं आणि स्लाइडवर सुंदर तक्ता टाकला. शीर्षक : 'यील्ड स्ट्रेंथ'. पहिल्याच ओळीत 12 चे 118 झाले होते. पुढची सगळी मांडणी, म्हणजे जाळी किती ताण सोसेल, किती वर्षं टिकेल, ही त्या तक्त्यावर उभी होती.

बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, "हा आकडा काठिण्य आहे की स्ट्रेंथ?"

मी आत्मविश्वासाने म्हटलं, "मॅडम, दोन्ही मेगापास्कलमध्येच आहेत."

त्या शांतपणे म्हणाल्या, "उंची आणि कंबर दोन्ही इंचातच मोजतात. म्हणून शिंप्याला एकच सांगून चालतं का?"

सर काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर खेचून तोडायच्या चाचण्या नव्याने केल्या. 118 च्या जागी चाळीसच्या आसपास आकडे आले. तक्ता गेला, त्यावरची मांडणी गेली, आणि अर्धा लिहून झालेला पेपर ड्रॉवरमध्ये गेला.

118 आणि 40. जवळजवळ तिप्पट फरक. हा योगायोग नव्हता. केंब्रिजच्या डेव्हिड टेबर यांनी 1951 च्या 'द हार्डनेस ऑफ मेटल्स' या पुस्तकात याचा हिशेब दिलेला आहे : पूर्ण रुतलेल्या गोळ्याखालचा सरासरी दाब हा धातूच्या यील्ड स्ट्रेंथच्या साधारण तिप्पट असतो. कारण समजायला सोपं आहे. बोट ओल्या वाळूत रोवून बघा. बोटाखालच्या वाळूला बाजूला सरकायचं असतं, पण आजूबाजूची वाळू तिला सरकू देत नाही. म्हणून जोर जास्त लागतो. तीच वाळू एकटी, ढिगाऱ्यासारखी उभी असेल तर हलक्या दाबाने पसरते. काठिण्य मोजताना धातू चारी बाजूंनी वेढलेला असतो. स्ट्रेंथ मोजताना तो मोकळा असतो.

आता शुद्ध शिशाकडे परत या. फॉर्म्युला म्हणतो 7,110 पीएसआय, म्हणजे सुमारे 49 मेगापास्कल. पण शुद्ध शिशाची तार खेचली तर ती साधारण 12 ते 17 मेगापास्कललाच तुटते. तोच तिप्पट-चौपट फरक. माझी चूक आणि पुस्तकातली चूक सख्ख्या बहिणी निघाल्या. खरं सांगतो, हे कळल्यावर मला जरा बरंच वाटलं.

मग फॉर्म्युला चालतो कसा?

इथे थांबून 'पुस्तक चूक, मी बरोबर' असं लिहून मोकळं होणं सोपं होतं. पण समीक्षा अर्धवट राहिली असती. कारण खूप लोक अनुभवाने सांगतात की हा नियम पाळला तर गोळ्या ठीक लागतात. इतक्या लोकांचा अनुभव खोटा ठरवण्याआधी त्याचं कारण शोधायला हवं.

कारण बहुधा असं आहे. नळीत घट्ट बसलेली गोळीसुद्धा वेढलेलीच असते. मागून वायू ढकलतो, बाजूंनी पोलादी नळी धरून ठेवते. धातू सगळीकडून सारखा दाबला तर तो वाहत नाही. तो वाहतो दोन दिशांच्या दाबांमधल्या फरकामुळे. नळीने बाजूंनी आधार दिला की हा फरक कमी होतो आणि मऊ धातूही मोठा दाब सहन करतो. म्हणजे काठिण्याच्या चाचणीतल्या वेढलेल्या धातूशी नळीतल्या गोळीचं थोडं साम्य आहे. मोकळ्या धातूच्या स्ट्रेंथपेक्षा काठिण्याशी केलेली तुलना इथे जास्त जवळची पडते. फॉर्म्युल्याने नाव चुकीचं दिलं, पण अशा परिस्थितीत आकडा फार वेडावाकडा नसावा.

'अशा परिस्थितीत' हे दोन शब्द महत्त्वाचे. फॉर्म्युल्याच्या मागे एक न लिहिलेली अट दडलेली आहे : गोळीला बाजूंनी पूर्ण आधार हवा. आणि जुन्या लष्करी रिव्हॉल्व्हरमध्ये नेमकी हीच अट मोडते.

वेब्लीमध्ये काय होतं

ब्रिटिश लष्कराने 1887 साली .455 वेब्ली मार्क 1 स्वीकारली. 1915 ची मार्क 6 ही त्या घराण्यातली सर्वांत जास्त माहीत असलेली. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळीचा प्रवास दोन तुकड्यांत होतो. आधी फिरत्या सिलिंडरमधल्या कप्प्यातून, मग एक छोटी मोकळी फट ओलांडून, नळीत. बऱ्याच वेब्ली मोजल्या तर कप्प्याच्या पुढच्या तोंडाचा व्यास 0.450 इंचाच्या आसपास आणि नळीतल्या खाचांचा व्यास 0.455 च्या आसपास येतो. म्हणजे तोंड अरुंद, नळी रुंद. गोळी आधी अरुंद तोंडातून पिळून बारीक होते आणि मग रुंद नळीत पडते. तिथे ती सैल. बाजूने गरम वायू निसटतो, शिसं नळीला चिकटतं, नेम जातो.

मूळ रचनाकारांना हे माहीत होतं. म्हणून लष्करी गोळीचं बूड पोकळ ठेवलेलं असे. मागून वायूचा दाब आला की पोकळ बुडाची पातळ भिंत बाहेर फुगते आणि नळी भरून काढते. .455 मार्क 2 काडतुसाची गोळी 265 ग्रेन, म्हणजे 17 ग्रॅमच्या थोडी वर, आणि वेग सेकंदाला सुमारे 600 फूट. संथ, जड, मऊ. दाब सुमारे 13,000 पीएसआयच्या आत.

ही कल्पना नवी नव्हती. 1857 मुळे आपल्याला एन्फिल्डचं चरबी लावलेलं काडतूस शाळेपासून माहीत आहे. त्या कागदाच्या आतली गोळी मात्र पुस्तकात कोणी दाखवत नाही. नळीचा व्यास 0.577 इंच, गोळीचा 0.568. मुद्दाम बारीक, म्हणजे तोंडाकडून भरताना सहज आत जाईल. मऊ शिशाचं बूड बार उडाल्यावर फुगे आणि खाचा पकडे. तिथे गोळीचा आकार बदलणं हा बिघाड नव्हता. तोच तर सगळा बेत होता.

आता फॉर्म्युला या रिव्हॉल्व्हरला लावून बघा. फॉर्म्युल्याच्या जगात गोळीचा आकार बदलणं हे नेहमीच वाईट असतं. म्हणून वाचक काय शिकतो? कडक धातू घ्या, निर्धास्त राहा. लायमन नंबर 2 ची सपाट बुडाची गोळी 21,330 पीएसआय 'सहन' करणार, काडतुसाचा दाब 13,000. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात ती गोळी तोंडात पिळली जाते आणि फुगत नाही. नळीत ती सैल पळते आणि शिसं मागे ठेवून जाते. फॉर्म्युला पाळला आणि नेम गेला.

एकच आकडा, दोन उलट अर्थ

इथून गोष्ट गमतीची राहत नाही.

गोळी फुगत नाही हे लक्षात आल्यावर काही लोक तोच 1422 उलटा वाचतात. ते म्हणतात, गोळीने फुगून नळी भरायला हवी असेल तर दाब काठिण्य गुणिले 1422 पेक्षा *जास्त* हवा. म्हणजे एका वाचनात 1422 ही वरची मर्यादा, हिच्या खाली राहा. दुसऱ्या वाचनात तीच खालची मर्यादा, हिच्या वर जा. दोन्ही सल्ले एकाच छंदातल्या लोकांमध्ये, एकाच आकड्याच्या नावावर सुखाने नांदतात.

आता हे दुसरं वाचन वेब्लीला लावा. काठिण्य 15 ची गोळी फुगवायची तर 21,330 पीएसआयच्या वर जायला हवं. हे हत्यार ज्या 13,000 च्या आसपास चालायचं, त्याच्या दीडपटीहून जास्त. शंभर वर्षांचं पोलाद, त्यातल्या जुन्यांची रचना तर काळ्या दारूच्या काळातली. आणि ही कल्पना हवेतली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पोचलेल्या कितीतरी वेब्लींच्या सिलिंडरची मागची बाजू घासून त्या .45 एसीपी काडतुसासाठी बदलण्यात आल्या. त्या काडतुसाची मान्य कमाल मर्यादा 21,000 पीएसआय आहे. म्हणजे बंदूक तेवढा दाब 'घेते', असं दाखवायला उदाहरणंही तयार मिळतात. 'आमची इतकी वर्षं काही झालं नाही' हे वाक्य इथे नेहमी ऐकू येतं. ज्यांच्या सिलिंडरला तडा गेला ते लोक त्या गप्पांत बसलेले नसतात, हे आपण विसरतो.

टेबरचा 3 लक्षात ठेवला तर काय दिसतं? कप्पा आणि नळी यांच्यामधल्या जागेत गोळीला बाजूचा आधार नसतो. तिथे तुलना काठिण्याशी करायची नाही, त्याच्या एक तृतीयांशाशी करायची. काठिण्य 15 असेल तर 21,330 नाही, सुमारे 7,110. पण हा आकडाही पाटीवर लिहून ठेवू नका. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे 600 केल्विन. खोलीचं तापमान 300 केल्विन. आपल्या खोलीत शिसं आपल्या वितळणबिंदूच्या निम्म्यावर उभं आहे. पोलादासाठी ही परिस्थिती साधारण 600 अंशांवर येईल. इतक्या 'गरम' धातूची ताकद त्याला किती वेगाने दाबता यावर अवलंबून असते. काठिण्याची चाचणी 30 सेकंद चालते. गोळी नळीत असते मिलिसेकंदभर. वेळेत दहा हजार पटींहून जास्त फरक. झटक्यात दाबलेलं शिसं जास्त कडक वागतं. म्हणजे 7,110 ही स्थिर अवस्थेतली खालची बाजू आहे, आणि खरा आकडा तिच्या वर कुठेतरी.

शिवाय 'काठिण्य 15' हे तरी कधीचं? माझा सगळा प्रबंध याच प्रश्नावर आहे. शिशामध्ये 252 अंशांना साडेतीन टक्क्यांच्या आसपास अँटिमनी विरघळतं, खोलीच्या तापमानाला त्याचा छोटा अंशच. ओतल्यावर जास्तीचं अँटिमनी हळूहळू बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतं आणि धातू कडक होतो. साच्यातून गोळी थेट पाण्यात टाकली तर आणखीनच. म्हणून ओतल्याच्या दिवशीचं काठिण्य आणि तीन आठवड्यांनंतरचं काठिण्य हे एकाच गोळीचे दोन वेगळे आकडे आहेत. तारीख नसलेलं काठिण्य म्हणजे वय न सांगता सांगितलेली मुलाची उंची.

जाणकार ओतणारे यातून काय निष्कर्ष काढतात? दाब वाढवत नाहीत, गोळी बदलतात. मऊ धातू, पोकळ बूड, आणि त्याआधी आपल्या हत्याराच्या कप्प्याचं तोंड आणि नळी स्वतः मोजणं. हे शहाणपण त्यांना फॉर्म्युल्याने दिलेलं नाही. मोजपट्टीने दिलं.

पाच छिद्रांचा पुरावा

आणखी एक गोष्ट सांगून आवरतो, कारण ती आपल्या सगळ्यांना लागू आहे. फॉर्म्युला बरोबर की चूक हे ठरवायला बहुतेक वेळा काय पुरावा दिला जातो? पाच गोळ्या झाडायच्या आणि सर्वांत लांबच्या दोन छिद्रांमधलं अंतर मोजायचं. 'मऊ गोळी तीन इंच, कडक गोळी दोन इंच. सिद्ध झालं.'

नाही झालं. तीच बंदूक, तीच गोळी, तोच माणूस. पाच-पाचचे गट पुन्हा पुन्हा झाडले तर हे अंतर निव्वळ योगायोगाने खालीवर होतं. छिद्रांचा विखार सामान्य वितरणाचा धरून गणित केलं तर त्याचं प्रमाण विचलन सरासरीच्या साधारण पाव भागाइतकं निघतं. म्हणजे सरासरी अडीच इंच असेल तर एका गटात दोन आणि दुसऱ्यात तीन येणं हे रोजचं आहे. त्यात कडक गोळ्या आधी आणि मऊ नंतर झाडल्या असतील तर मऊ गोळी आधीच शिसं चिकटलेल्या नळीतून जात होती, हा आणखी एक घोळ. क्रम अदलाबदल करून, नळी प्रत्येक वेळी साफ करून, गट वाढवून हीच तुलना केली तर तिला अर्थ येतो. माझ्या पहिल्या पोस्टरमध्ये प्रत्येक मिश्रधातूचे तीन नमुने होते, आणि मी त्यावरून 'लक्षणीय वाढ' असं छापलं होतं. तेव्हा हसू नका मंडळी, आपण सगळे त्याच रेंजवर उभे आहोत.

तर हिशेब काय?

लींच्या प्रकरणाचं मोल माझ्या मते असं : मोजमापाचं साधन उत्तम, दिशा बरोबर (कडक धातू जास्त दाब झेलतो), नाव चुकीचं, आणि लागू पडण्याची हद्द लिहिलेली नाही. यातले पहिले दोन गुण इतके मोठे आहेत की लोकांनी शेवटचे दोन दोष पाहिलेच नाहीत. हद्द लिहिली असती, 'गोळी नळीत घट्ट बसत असेल तरच', तर उलटं वाचन जन्मालाच आलं नसतं असं मला वाटतं. न लिहिलेल्या अटीची किंमत नंतर येणारा भरतो. पुस्तकाच्या बाबतीत तो कुणीतरी वेब्ली हातात धरलेला माणूस असतो.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी मी यातून तीन प्रश्न काढले आहेत. ते माझ्या टेबलासमोर चिकटवलेले आहेत.

1. या स्थिरांकाला एकक काय? एकक लावल्यावर तो निव्वळ रूपांतर तर निघत नाही ना? निघाला, तर त्यामागे प्रयोग नाही, हे मान्य करा.

2. हा संबंध कुठल्या परिस्थितीत मोजला गेला? माझा नमुना त्या परिस्थितीत आहे का? तापमान, वेळ, आधार, नमुन्याचं वय, सगळं.

3. हाच आकडा कोणी उलट बाजूने वापरतंय का? वापरत असेल, तर दोघांपैकी निदान एकाला तो समजलेला नाही. कदाचित दोघांनाही.

मीटिंगनंतर चहाच्या टपरीवर सरांनी मला एकच गोष्ट विचारली होती. "तो 9.81 तू कुठून घेतलास?" मी म्हटलं, "सर, सगळेच घेतात." ते म्हणाले, "तेच विचारतोय."

आता तुमच्यासाठी गृहपाठ. आज रात्री आपल्या सिनॉप्सिसमधला एक स्थिरांक निवडा, जो तुम्ही कुठल्यातरी पेपरमधून उचलला आहे. त्याचं एकक लिहा. मग तो पेपर ज्याच्यावरून घेतो तो मूळ पेपर उघडा, आणि त्यांनी तो कशावर, किती नमुन्यांवर, कुठल्या तापमानाला मोजला ते तीन ओळींत लिहून काढा. तीन ओळी लिहिता आल्या तर झोपा निवांत. नाही आल्या, तर तुमचा 1422 तुम्हाला सापडला आहे. आरएसीच्या आधी सापडला, हे नशीब समजा.